यांच्या डोक्यावरचं टिंब

आमचे मालक तहसीलदारांना 'बे' म्हणत. हे मी ऐकीव सांगत नाही. मी ओसरीवर प्रुफं वाचत बसलो होतो आणि माझ्यासमोर घडलं. कचेरीची कसलीशी नोटीस छापायची होती, साहेब स्वतः चालत आले होते, आणि मालक भिंगाला लावलेला डोळा न काढता म्हणाले, "बस बे साहेब. ह्या 'श'ले पाहून घेऊ दे, मंग तुह्यं पाहतो." साहेब मुकाट्यानं बसले. चिखलीत नवीन आलेला माणूस आधी चिडे, मग हसे, आणि पुढे त्याला कळे की या माणसाच्या तोंडात अनेकवचन नाहीच. मोठा अडत्या असो, कीर्तनकार असो, स्वतःचा सासरा असो, सगळ्यांना 'अरे', 'तू', 'बे'. त्यात राग नसे, लोभही नसे. जीभच तशी होती.

मालक म्हणजे छापखान्याचे मालक आणि माझे घरमालक. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी चिखलीत एका शाळेत मॅट्रिक झालेला मास्तर होतो आणि नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए.चा अभ्यास करत होतो. आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, जानेफळाच्या पुढचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. तालुक्याच्या ठिकाणी खोली मिळणं आमच्यासारख्यांना तेव्हा सोपं नव्हतं, म्हणून नंतर वाद नको असा विचार करून मी आधीच सांगून टाकलं, "मालक, आम्ही बौद्ध आहोत."

"मी काय इचारलं अन् तू काय सांगून राह्यला?" मालक म्हणाले. "ऱ्हस्व-दीर्घ समजते का तुले?"

"समजतं."

"मंग ये राह्याले. भाड्याऐवजी प्रुफं वाचजो."

छापखान्यामागच्या त्या खोलीत माझ्या आयुष्याची चांगली वर्षं गेली. त्या माणसाबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं. आज लिहितो आहे.

त्या काळी छपाई म्हणजे शिशाचे खिळे. एकेका अक्षराचा एकेक खिळा, तोही उलटा. लाकडी खणांच्या मोठ्या पेटीत प्रत्येक अक्षराला आपलं घर. त्यातून खिळा उचलायचा, ओळीत लावायचा, छापून झालं की धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या घरात टाकायचा. आमच्याकडचे खिळे अखंड पद्धतीचे होते, म्हणजे काना, मात्रा, टिंब सगळं एकाच खिळ्यावर. 'णे'चा खिळा वेगळा, 'णें'चा वेगळा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खिळा झिजतो. सारखा दाब बसून त्याचे नाकडोळे बोथट होतात. बाकीचे छापखानेवाले अक्षर पार ओळखू येईनासं होईपर्यंत वापरत. आमचे मालक महिन्यातून एकदा अक्षरांची हजेरी घेत. पेटीतलं एकेक अक्षर ओळीनं उभं करून त्याचा ठसा कागदावर घेत आणि भिंग लावून बसत. "हा 'क्ष' थकला. ह्या 'झ'चं गुडघं गेलं. ह्या 'ळ'ले पोचा आला, काढा ह्याले." काढलेला खिळा पुन्हा पेटीत जात नसे. तो वितळायला जाई आणि त्याच्या जागी नवा मागवला जाई. दुकान चालो न चालो, अक्षर आजचं पाहिजे. मालकीणबाई चहा देता देता म्हणत, "घरातल्या साऱ्या भांड्याले पोचे हायेत, ते नाही दिसत. एका 'ळ'ले पोचा आला की जेवण जात नाही यायले."

आज माझी मुलगी चिखलीतच संगणकावर लग्नपत्रिका जुळवते. तिच्या त्या सॉफ्टवेअरची दर थोड्या दिवसांनी नवी आवृत्ती निघते. ती घातली नाही तर जोडाक्षरं फुटतात, आणि घातली तर जुन्या फायली उघडत नाहीत. मग ती वैतागून म्हणते, "बाबा, चालू आहे ते चालू द्यायचं नाही का?" मला मालक आठवतात, भिंग लावलेले, आणि मी आत जाऊन चहा टाकतो.

मालकांची खरी परीक्षा झाली ती शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी. त्याआधी मराठीत टिंबांची चंगळ होती. 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं', 'हें', 'तें'. नव्या नियमानं ठरलं, ज्याचा उच्चार होत नाही ते टिंब गेलं. मालकांनी तो कागद मला मोठ्यानं वाचायला लावला, पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले, "उद्यापासून आपल्याकडे नवं."

जुळारीबुवा, म्हणजे खिळे जुळवणारे आमचे म्हातारे कामगार, घाबरून म्हणाले, "मालक, मुंबईवाल्यायले बदलू द्या आधी. आपल्याले कोन इचारते?"

"म्हणूनच! मुंबईचा कागद वेगळा अन् चिखलीचा वेगळा काऊन? राज्य आपलं बी नवं झालं ना? मंग अक्षर जुनं कसं?"

अडचण दुसऱ्याच दिवशी कळली. 'णें', 'लें', 'हें' यांची घरं काठोकाठ भरलेली, आणि 'णे', 'ले', 'हे' दुपारपर्यंत संपलेले. नवे खिळे मागवावे तर सगळ्या महाराष्ट्राला एकदम तेच हवे होते, त्यामुळे मुंबईच्या कारखान्याकडून फक्त 'थांबा' असं उत्तर येई. मालकांना थांबणं माहीत नव्हतं. त्यांनी सोनाराकडून एक बारीक कानस आणली, ओसरीवर पोतं अंथरलं आणि एकेका खिळ्याच्या डोक्यावरचं टिंब घासून काढायला सुरुवात केली. 'णें'चा 'णे', 'लें'चा 'ले'. येणारे-जाणारे उभे राहून पाहत. मालक हातातलं काम न थांबवता त्यांना नियम समजावून सांगत. घासलेल्या शिशाचा भुगा एका चहाच्या डब्यात जमा होई. गावानं त्यांचं नाव टिंबमोड ठेवलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण कुणी तशी हाक मारली की ते 'ओ' देत.

गिऱ्हाइकांनी मात्र त्रास दिला. एक आजोबा नातवाची लग्नपत्रिका घेऊन भांडायला आले, "'नांव'वरचं टिंब काढलं, मंग नावात राह्यलं काय?" बाजाराच्या दिवशी एकानं दारातूनच विचारलं, "मालक, टिंबं गेली म्हन्ते. कांदा बी गेला का?"

"कांदा बोलून पाह्य."

"कांदा."

"नाकात वाजला का?"

"वाजला."

"मंग राह्यला तुह्या कांदा. जाय इकून ये."

आता त्यांची दुसरी तऱ्हा. तोंडानं सगळ्या जगाला 'बे' म्हणणारा हा माणूस कागदावर मात्र कुणालाही एकवचनात छापत नसे. हमालांच्या सभेचं पत्रक असो की बाजारातल्या भांडीवाल्याची जाहिरात, 'यांनी', 'यांचे', 'यांस' ठरलेलं. एका माणसाचा तरुण मुलगा रागावून घर सोडून गेला होता. त्यानं पत्रक छापायला दिलं, त्यात लिहिलं होतं, 'तू जिथे असशील तिथून निघून ये. तुझी आई जेवत नाही.' छापून आलं, 'आपण जिथे असाल तिथून निघून यावे. आपल्या मातोश्री जेवत नाहीत.' बाप तणतणत आला.

"पोरगं माह्यं हाय! मी त्याले 'आपण' म्हणू?"

"घरी आला की 'तू' म्हण. दोन थोबाडीत बी मार. पण बसस्टँडवर चार लोकायसमोर वाचन ना तो? मानानं बलावलं त येईन."

मुलगा आला. पत्रकामुळे की भुकेमुळे, ते मला माहीत नाही. मालकांनी मात्र ते आपल्या खात्यात धरलं.

मी एकदा विचारलं, "मालक, बोलताना कुणाला मान देत नाही, आणि छापताना सगळ्यांना देता, हे कसं?"

"बोललेलं वाऱ्यानं जाते बे मास्तर. छापलेलं कोणी ना कोणी घडी करून पेटीत ठेवते. तठी माणूस उघडा नाही दिसला पाह्यजे."

आतून मालकीणबाई म्हणाल्या, "मले बी तेवढ्या लग्नाच्या पत्रिकेतच मान भेटला."

आणि मग मी बी.ए. झालो.

निकाल वर्तमानपत्रात आला आणि गावी बातमी पोचली. गावातला पहिलाच पदवीधर म्हणून आमच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमननी सत्कार ठरवला. चेअरमन वाईट माणूस नव्हते. स्वतः होऊन त्यांनी हे ठरवलं होतं, आणि माझे वडील सत्काराच्या वेळी खुर्चीवर बसतील असंही कबूल केलं होतं. माझ्या दृष्टीनं सत्कार त्या खुर्चीचाच होता. बाबांनी उभा जन्म गावाची वर्दी ठाण्यावर पोचवण्यात आणि दुसऱ्यांच्या शेतात घालवला. सभा असली की ते चपलांच्या बाजूला बसत. गावात पाळण्यातून उतरलेलं पोरही त्यांना 'अरे' म्हणे.

पत्रकाचा मजकूर चेअरमननी लिहून पाठवला होता. त्यात माझं नाव होतं आणि पुढे बाबांचं नाव घालून 'याचा मुलगा' असं होतं. प्रूफ माझ्याच हातात आलं. त्यात 'यांचे चिरंजीव' असं जुळलेलं होतं. मी पुढे वाचत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं चेअरमन प्रूफ पाहायला आले. त्या ओळीवर थांबले.

"मालक, मी त 'याचा मुलगा' लिहून देल्लं होतं."

"बोलण्यातलं लिहून देल्लं तू. छापण्यातलं मी करून घेतलं."

चेअरमन हसले. मग म्हणाले, "अन् नवे नियम म्हणून सारी टिंबं खरडून राह्यले ना तुमी? माह्या घरच्या पत्रिकेतली बी उडवली. मंग हे एकच टिंब काऊन राखलं?"

मालकांनी भिंग खाली ठेवलं. "जे बोलल्या जात नाही ते टिंब गेलं. हे बोलल्या जाते."

"आमच्या गावात नाही बोलल्या जात."

हे चेअरमन भांडून म्हणाले नाहीत. पाऊसपाणी सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. जुळारीबुवांचा हात खिळा उचलता उचलता थांबला. मी मान खाली घातली.

"म्हणून त छापा लागते," मालक म्हणाले.

"सोसायटीचे सारे कागद तुमच्याकडे येते, मालक. मेहकरात बी छापखाना हाय."

"हाय ना. चांगला हाय. त्याच्या 'ळ'ले तेवढा पोचा हाय."

मला भीती वाटली ती खुर्चीची. चेअरमन चिडले तर सत्कार राहील, पण खुर्ची जाईल. मी म्हणालो, "मालक, राहू द्या. 'याचा' लिहिलं तरी माझं काही..."

"तू गप बे मास्तर. मजकूर तुह्या बापाचा हाय, तुह्या नाही."

सत्कार परवावर आला होता. मेहकरला जाऊन नव्यानं छापून घ्यायला वेळ नव्हता. चेअरमननी टोपी उचलली. "छापा तुमच्या मनानं. पण हे सोसायटीचं शेवटचं काम." आणि ते बस गाठायला निघून गेले.

सोसायटीचं काम म्हणजे छापखान्याचा मोठा आधार होता. ते गेलं म्हणून मालक खचतील असं मला वाटलं. त्यांनी प्रूफ हातात घेतलं आणि ते जुळारीबुवांना म्हणाले, "खाली चेअरमनचं नाव मोठ्या जाड खिळ्यात हाय. बापाचं बी त्यातच लाव. 'यांचे'सकट."

बुवांनी मोठ्या अक्षरांची पेटी उघडली. नाव जुळवलं. मग एका घरात बोटं फिरवत राहिले.

"मालक, ह्याच्यात 'यां' नाही."

"नाही कसा? घरभर होता."

"होता. तुमीच घासला. 'यांत'चं 'यात' झालं म्हणून तुमी सारं घर पोत्यावर ओतलं. आता सारे 'या' हायेत."

मालकांनी स्वतः येऊन पाहिलं. एकेक खिळा उजेडात धरला. सगळ्यांची डोकी साफ. नियम नीट माहीत असलेल्या माणसानं घाईत मानाचं टिंबच घासून टाकलं होतं. ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसायला लागले. हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाव मोठ्यात ठेवू," बुवा म्हणाले, "अन् 'यांचे' बारीक खिळ्यात लावू. त्यात हाय 'यां'."

"नाव मोठं अन् मान बारीक? नाही लावाचं."

"मंग डब्यातलं एखादं टिंब डिंकानं चिकटवा," बुवा वैतागून म्हणाले.

मालकांनी त्या भुग्याच्या डब्याकडे खरोखरच एकदा पाहिलं. मग म्हणाले, "लाव 'याचे'. छाप तसंच."

पत्रकं छापली गेली. ओली पत्रकं ओसरीवर पसरली. मालकांनी शाईची बशी घेतली, काडेपेटीतली एक काडी घेतली, मांडी घालून बसले आणि एकेका पत्रकावर, 'या'च्या डोक्यावर, हातानं टिंब द्यायला लागले. जरा बाजूला पडलं की जीभ चावत. भर दुपार होती. मालकीणबाई दोनदा जेवायला बोलावून गेल्या. मी दुसरी काडी घेऊन शेजारी बसलो तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"तू नको."

"लवकर होईल, मालक."

"बापाले मान पोरानं देल्ला त त्यात काय हाय? तो दुसऱ्यानं द्या लागते."

टिंबाशिवाय एकही पत्रक दाराबाहेर गेलं नाही.

सत्कार आमच्या गावच्या शाळेच्या मैदानावर झाला. खुर्ची होती. बाबा तिच्या अगदी काठावर बसले होते, कुणी ऊठ म्हटलं तर चटकन उठता यावं असे. सकाळपासून पत्रकं गावभर वाटली होती आणि शाळेतल्या पोरांना तर नवा कागद मिळाल्याचा आनंद. पुढे बसलेल्या प्रत्येकाच्या हातात ते होतं. चेअरमन बोलायला उठले. भाषणाची सवय नव्हती, म्हणून त्यांनी पत्रकच वाचायला घेतलं, ओळीवर बोट ठेवून. माझं नाव वाचलं. बाबांचं नाव वाचलं. आणि बोट थांबलं.

तेवढ्यात पुढच्या पोरांनी, पाढे म्हणतात त्या चालीवर, एका सुरात ओळ पुरी केली, "यांऽचे चिरंजीव!"

मैदान हसलं. चेअरमननी पोरांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग तेही हसले आणि म्हणाले, "हाव. यांचे चिरंजीव." आणि पुढे वाचत गेले.

घरी जाताना बाबांनी विचारलं, "पोट्टे माह्यं नाव घेऊन काय वरडले?"

"यांचे, म्हणाले. तुम्हाला 'अहो' म्हणतात तसं."

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "दाखव कुठी हाय ते." त्यांना वाचता येत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. खिळ्यांची अक्षरं कागदात दबलेली होती, आणि ते एक टिंब वर आलेलं, बोटाला लागणारं. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं आणि पत्रकाची घडी करून पेटीत ठेवलं.

मी चिखलीला परतलो तेव्हा मालक हजेरी घेत बसले होते.

"वाचलं का चेअरमननं?"

"वाचलं."

"टिंबासकट?"

"टिंबासकट."

"मंग झालं," ते म्हणाले आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. सोसायटीचं काम खरंच मेहकरला गेलं आणि परत आलं नाही. मालकांनी त्याचा विषय काढला नाही. त्यांनी फक्त मुंबईला मोठ्या जाड 'यां'ची मागणी पाठवली, इतकी की कारखान्यानं उलट विचारलं, आकडा लिहिताना चुकला तर नाही ना? मी होतो तोवर त्या पेटीत ते घर कायम काठोकाठ भरलेलं असे. त्यातलं एकही पुन्हा कानशीखाली गेलं नाही.

काही दिवसांनी बाबा बोरांचं गाठोडं घेऊन चिखलीला आले. मला धास्ती होती. मी वाटेतच सांगून ठेवलं, "मालक 'बे' म्हणतात. सगळ्यांना म्हणतात. मनावर घेऊ नका." बाबा म्हणाले, "मले काय नवीन हाय ते?"

आणि झालंही तसंच. बाबा पायरीशी उभे राहिले तर मालक ओरडले, "तठी काऊन उभा बे? वर ये. बस." खुर्ची पुढे सरकवली. बोरं पाहून म्हणाले, "गोड हायेत का आंबट? तू खाऊन पाह्यलं का बे आधी?" बाबा हसले. त्या ओसरीवर दोघे जण बोरं खात, बिया अंगणात टाकत बसले. मालकीणबाईंनी चहा आणला.

तेवढ्यात तहसीलदार आले, नोटिशीचं प्रूफ घेऊन, घाईत. बाबा चटकन खुर्चीवरून उठायला लागले. मालकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि साहेबांकडे वळून म्हणाले,

"थांब बे साहेब. यांचा चहा होऊ दे."